एकेचाळीस रानांचे फोटो एकाच रानात काढल्याबाबत

दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६
मु. पो. बोरजाईवाडी, ता. पलूस, जि. सांगली

प्रति,
मा. मोजणी अधिकारी साहेब,
जैवइंधन जीवनचक्र मोजणी कक्ष (नवीन पद्धत),
सांगली.

विषय : बोरजाईवाडी गावच्या बेचाळीस उसाच्या रानांची मी केलेली नोंद खोटी असलेने ती रद्द होऊन परत मोजणी होणेबाबत, आणि धोंडुबाई यशवंत बंडगर यांचं नाव लाल यादीतनं काढणेबाबत.

संदर्भ : १) माझं नोंदणीदार ओळखपत्र. २) ग्रामपंचायतीच्या बोर्डावर २ फेब्रुवारीला लागलेली यादी. ३) आपल्या मदत क्रमांकावर मी केलेले तीन फोन.

अर्जदार : सोनम नानासो कोळेकर, वय १८, शिक्षण दहावी अर्धवट.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करते की, जानेवारी महिन्यात आपल्या कक्षातर्फे आमच्या गावात जी मोजणी झाली ती मी केली, आणि ती खोटी हाय. ग्रामसेवक भाऊंनी मला अर्जाचा नमुना दिला होता. त्यात 'नजरचुकीने' असा शब्द होता. तो मी काढला. नजर चुकली न्हवती. माझी नजर लय बारीक हाय, मला सगळं दिसत होतं. नमुना दोन ओळींत संपला, म्हणून पुढचं मला येतंय तसं लिहिते. साहेबी मराठी जमली न्हाई तर सांभाळून घ्यावं.

२. आधी मी कोण ते सांगते. दहावीत चाचणी चालू असताना बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या की मी शेजारणीचं बघून लिहिलं. मी लिहिलं न्हवतं. मी पेपर फाडला, बाईंच्या टेबलावर टाकला आणि घरी आले, ती परत शाळेत गेले न्हाई. आई चार दिवस म्हणत होती, माफी माग आणि जा. मी गेले न्हाई. ही बढाई न्हवं. पुढं त्याचा संबंध येतो म्हणून सांगितलं. त्यानंतर कुठल्याच कामाला मी महिन्यावर टिकले न्हाई. एका जागी बसलं की माझ्या पायाला मुंग्या येत्यात. तुमच्या जाहिरातीत 'गावातील रहिवासी, स्वतःचा मोबाईल, सायकल असल्यास प्राधान्य' असं होतं. शिक्षणाचं काय लिहिलं न्हवतं. मला वाटलं हे हिंडायचं काम हाय, हे आपल्याला जमंल.

३. ट्रेनिंग सांगलीला झालं. दीपमाला मॅडम शिकवायला होत्या. त्यांनी फळ्यावर उसाचं टिपरं काढलं आणि तिथनं बाण काढत काढत कारखाना, इथेनॉलची टाकी, पेट्रोल पंप, मोटरसायकल असं सगळं काढलं. म्हणाल्या, "इथेनॉल हिरवं इंधन आहे असं सगळेच म्हणतात. पण किती हिरवं? नुसता गाडीच्या नळीतला धूर बघून ते कळत नाही. ऊस लावल्यापासून टाकीत थेंब पडेपर्यंत वाटेत जेवढा धूर झाला, तेवढा सगळा त्या थेंबाच्या नावावर मांडायचा." त्याला जीवनचक्र म्हणत्यात. त्यात मोटरची वीज आली, ट्रॅक्टरचं डिझेल आलं, युरिया टाकल्यावर मातीतनं जो न दिसणारा वायू निघतो तो आला, आणि ऊस तुटल्यावर रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं तर त्याचा धूर आला. आधी सगळ्या उसाला एकच ठरीव आकडा लावायचे. मग पाचट जाळणारा आणि न जाळणारा दोघं सारखेच. आता नव्या पद्धतीत नमुन्याच्या बारा गावांत रानोरान जाऊन बघायचं, त्यावरनं जिल्ह्याचा आकडा काढायचा, आणि तो पाच वर्षं चालणार. मॅडम म्हणाल्या, "आकडा दिल्लीत वाचतील, पण तो तुमच्या चपलेला लागलेल्या मातीतून जाणार आहे." मला ते लय आवडलं. मी वहीत लिहून घेतलं. शाळा सुटल्यापासनं वहीत लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

४. काम असं होतं : बेचाळीस रानं, सहा दिवस. प्रत्येक रानात जायचं, खतपाणी विचारायचं, पाचट जाळलं का ठेवलं ते आपल्या डोळ्यानं बघायचं, आणि एक फोटो जोडायचा. नदीकडंला रेंज नसती, म्हणून ॲपमधी अशी सोय होती की फोटो आधी काढून ठेवायचे आणि गट नंबर नंतर रेंजमधी बसून घालायचा. पहिल्या दिवशी मी खरोखर तीन रानांत गेले. तिन्ही काळी. मालक म्हणाले, "न्हाई जाळलं म्हणून टाक की, तुझ्या बाचं काय जातंय?" एकीनं चहा दिला, एकानं हरभऱ्याचा डहाळा दिला. पण साहेब, माझ्यावर दबाव आला असं मी लिहिणार न्हाई. कुणी दम दिला न्हाई. मला कंटाळा आला. सायकलची चेन दर दहा मिनिटाला पडत होती, ऊन लागत होतं, आणि सगळीकडं तेच उत्तर येणार असं दिसत होतं. मग हिंडायचं कशाला? सगळ्यांना एकच आकडा लावला की झालं. म्हणजे तुमी जी जुनी पद्धत मोडायला निघाला होता तीच मी एका दिवसात परत चालू केली.

दुसऱ्या दिवशी मी धोंडुबाई बंडगर यांच्या रानात गेले आणि तिथंच एकेचाळीस रानांचे फोटो काढले. उभं राहून काढले, बसून काढले, विहिरीकडनं काढले, डांबरी रस्त्याकडनं काढले. सावली बदलावी म्हणून दुपारनं परत गेले. एवढी अक्कल मी चाचणीलासुद्धा लावली न्हवती.

५. धोंडुबाईचंच रान का, ते सांगते. आमच्याकडं ऊस तुटून गेला की चार दिवसांत रान पेटतं. पेटवलं की तासाभरात रान मोकळं, खोडव्याला म्हणजे बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला पाणी सोडायला सोपं. नदीपासनं डोंगरापतोर सगळं काळं. त्यात एकच पट्टा पिवळा दिसतो, तो धोंडुआत्तीचा. तीस गुंठे. आमी सगळे तिला आत्ती म्हणतो. एकटी बाई हाय, लेक आष्ट्याला दिलीया. ती पाचट हातानं ओढून एका आड एक सरीत दाबती, वरनं पाणी देती, पावसाळ्यापतोर त्याचं खत होतं. तिचं माहेर आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. दरसाल तिच्या भावाची मेंढरं ह्या बाजूला उतरली की ऊस तुटलेल्या रानात ती बसवती. ह्या वर्षी साठ मेंढरं होती. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खात्यात, तिथंच बसत्यात, लेंड्या टाकून पुढं जात्यात. त्यामुळं तिला युरिया एकरी एक पोतं लागतं, आमाला चार लागत्यात. तुमच्या फॉर्ममधी खताच्या रकान्यात युरिया हाय, डीएपी हाय, शेणखत हाय, मेंढरं न्हाईत. 'इतर' असं हाय, पण तिथं टाईप करावं लागतं. मी तिलाबी सगळ्यांसारखी चार पोती टाकून दिली.

६. आता मुख्य गोष्ट. दुपारी मी परत फोटो काढत होते तवा धोंडुआत्ती आली. शेजारच्या रानात हळद काढणाऱ्या सात-आठ बायका होत्या, त्यात रंगूबाई मावशी होती. आत्ती लांबनंच म्हणाली, "आगं ए सोने, सकाळधरनं बघतीया, एकाच सरीत काय हुडकतीस? कानातलं पडलं का काय?"

मी म्हणाले, फोटो काढतीया, सरकारी काम हाय.

"कुणाच्या रानाचा फोटो?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, राजवर्धन दादाच्या. हे राजवर्धन म्हणजे आमच्या सरपंचांचे पुतणे.

"त्येचं रान वड्याच्या पल्याड हाय, आन् काळं कुळकुळीत हाय. हितं कवा चालत आलं त्ये?"

हळदीतल्या बायका हसल्या. रंगूबाई मावशीनं तोंडाला पदर लावला. मग आत्ती म्हणाली, "शाळंत दुसरीचं बघून लिवायचीस, आता रानंबी बघून लिवाया लागलीस व्हय गं?"

तिनं चेष्टा केली होती. ती रोजच सगळ्यांची चेष्टा करती. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेत मी बघून लिहिलं न्हवतं, हे सांगायला माझ्याकडं तवाबी कोण न्हवतं. आणि आता खरंच बघून लिहीत होते, ते तिला बरोबर दिसलं. मी तिला तोंडावर बोलले, "तुझं तू बघ म्हातारे, माझं काम मला शिकवू नगंस," आणि सायकल काढली.

पाण्याच्या टाकीखाली रेंज चांगली येती. तिथं बसून मी गट नंबर घातले. एकेचाळीस फोटो एकेचाळीस जणांना वाटले. त्यात आमचंबी रान आलं. धोंडुआत्तीचा एक फोटो तिच्यासाठी शिल्लक होता. तो मी खोडला. त्या जागी आमच्या रानाचा घातला. आमचं रान जळालेलं हाय, ते मीच पेटवलं होतं. आमच्यात दरवर्षी पेटवायचं काम माझ्याकडंच असतं, कारण मला काडी लावून लवकर पळता येतं. विझल्यावर मी स्टेटसला टाकायला फोटो काढला होता, तोच मोबाईलमधी होता. 'पाचट जाळले का?' ह्याच्या पुढं मी 'होय' दाबलं. सगळ्या गावात ज्या एका बाईनं जाळलं न्हाई, तिच्या एकटीच्या नावावर.

दाबताना मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटती, पण बरं वाटलं होतं.

७. यादी २ फेब्रुवारीला ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागली. एकेचाळीस नावं हिरवी, सगळ्यात खाली एक लाल. तुमच्याकडनं आलेल्या पत्रात लिहिलं होतं की हिरव्यांचा ऊस 'कमी उत्सर्जनाचा' म्हणून वेगळा नोंदला जाईल आणि लाल नोंद पुढच्या मोजणीपतोर म्हणजे पाच वर्षं तशीच राहील. धोंडुआत्तीला वाचता येत न्हाई. ती बोर्डासमोर उभी होती आणि मी नेमकी तिथनं चालले होते. ती मागचं भांडण विसरली होती. म्हणाली, "सोने, ये गं. वाच. माझं कितवं हाय?"

साहेब, तिथं मी खरं सांगू शकत होते. ती एकटीच होती. मी बोर्डाकडं बघितलं आणि म्हणाले, "पयलं हाय आत्ती. एक नंबरला हाय."

तिनं दुकानातनं साखर घेतली आणि गल्लीत वाटली. आमच्या घरीबी आली. माझ्या हातावर घालत म्हणाली, "पोरीनं नीट बघितलं म्हणून झालं." मी ती साखर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई मावशीनं तिला बोर्डाजवळ नेऊन तिचं नाव बोटानं दाखवलं. त्यानंतर आत्ती आमच्या दारात आली न्हाई, मला शिव्याबी दिल्या न्हाईत. वाटेत दिसले तर बघती, पण "सोने" म्हणून हाक मारत न्हाई. चावडीवर पोरं तिला "आली बघा लाल दिव्याची गाडी" म्हणत्यात. त्यातल्या एकाला मी दगड मारला. त्यानं काय होणार? लाल तिला मीच केलं.

८. मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. पहिल्या वेळी मला सांगितलं की शेतकऱ्यानं तक्रार करायची असती, नोंदणीदाराला स्वतःच्या नोंदीविरुद्ध तक्रार करायला रकाना न्हाई. दुसऱ्या वेळी वेगळ्या दादांनी उचलला. ते म्हणाले, "धूर जास्त दाखवला म्हणून तक्रारी येतात. कमी दाखवला म्हणून आजपर्यंत एकपण आली नाही. तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?" मी म्हणाले, आमचं गाव खोटं चांगलं हाय. ते हसले. तिसऱ्या वेळी कळलं की धोंडुबाईंनी तक्रार केली तर तिच्या मोबाईलवर ओटीपी जाईल आणि तो घातला की सात दिवसांत नाव हिरवं होईल. धोंडुआत्तीकडं मोबाईल न्हाई. तिच्या नोंदीत मी माझाच नंबर घातला होता.

म्हणजे मला घरबसल्या सगळं मिटवता येत होतं. ओटीपी माझ्याच फोनवर आला असता. कुणाला कळलं नसतं, बेचाळीसच्या बेचाळीस हिरवे झाले असते. मी ते करणारच होते. आधी आत्तीच्या घरी गेले, पाया पडले, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "दोन मिन्टात तुझं नाव हिरवं करती."

ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "आन् बाकीच्यांचं?"

मी म्हणाले, त्यांचं हायच की हिरवं.

"म्हंजे मी त्यांच्या रांगंत बसायचं? मी चार दिस पाचट वडलं, हाताची सालटी निघाली, आन् त्यांनी काडी लावली. दोघांचा रंग येकच?" मग म्हणाली, "माझ्या पाया पडून काय व्हतंय? कागदावर केलंस, कागदावर निस्तर. सगळं निस्तर." म्हणून हा अर्ज.

९. अर्जाची घाई एवढ्यासाठी की येत्या शुक्रवारी, २० तारखेला आपल्या कक्षाचे साहेब लोक आमच्या गावाला भेट देणार हायत. तालुक्यात आमचा निकाल सगळ्यात चांगला आला म्हणून. आता पाहुण्यांना दाखवायला गावात न जळालेलं रान एकच, आणि ते तर यादीत जळालेलं. मग आमचे सरपंच मानसिंग दादा यांनी तोडगा काढला. काल धोंडुआत्तीच्या रानात रस्त्याकडंला फलक रोवला. त्यावर लिहिलंय : 'आदर्श पाचट व्यवस्थापन प्लॉट. शेतकरी : राजवर्धन.' पुढं आडनाव आणि गट नंबरबी त्यांचाच. रान तिचं.

मानसिंग दादा आत्तीला म्हणाले, "आत्ती, एका दिवसाचा प्रश्न हाय. साहेब येत्यात, फोटो काढत्यात, जात्यात. तुमी त्या दिशी लेकीकडं आष्ट्याला जाऊन या की."

आत्ती म्हणाली, "मी जाती बाबा. रानबी घिऊन जाऊ का संगं?"

सगळे हसले, तीबी हसली. पण पाचट बघायला ती रोज सकाळी जाती, ती आज गेली न्हाई. फलकाला वळसा घालून जावं लागतं.

त्याच कार्यक्रमात मला 'उत्कृष्ट नोंदणीदार' म्हणून प्रमाणपत्र देणार हायत. तेबी त्याच रानात उभं करून. साहेब, मी आयुष्यात एकदाच व्यासपीठावर गेले होते, तिसरीत, कविता विसरून रडत खाली आले. ह्या वेळी मला सगळं पाठ हाय. म्हणूनच मला ते नको हाय.

वडलांना मी हा अर्ज सांगितला. ते म्हणाले, "सोताच्या बापाला लाल करतीस?" मी म्हणाले, रान लाल होईल, तुमी न्हाई, काडी मी लावली होती. ते उठून मोटर चालू करायला गेले. मोटरीला लाईट न्हवती. तरी तिथंच बसले.

१०. ह्यात तुमचीबी चूक हाय. एका दहावी अर्धवट पोरीनं टाकीखाली बसून एका दुपारी बेचाळीस रानं भरली आणि ते तुमच्या एकाबी माणसाला दिसलं न्हाई. सगळ्या फोटोंवर जागेची खूण एकच पडली असणार, आमच्या पाण्याच्या टाकीची, कारण खूण फोटो काढताना न्हाई, पाठवताना पडती. टाकीवर कुठं ऊस असतो? एकोणीस फोटोंत विहिरीचा तोच पांढरा कठडा हाय. बेचाळिसाव्या फोटोत उजव्या कोपऱ्यात माझी लाल सायकल हाय, कॅरिअरला काळी टेप गुंडाळलेली. तुमी नुसती गावाची बेरीज बघितली, ती चांगली आली, आणि तुमाला गावात कार्यक्रम करायचा होता. तुमच्या जुन्या ठरीव आकड्यात निदान कुणाचा राग तरी मिसळलेला न्हवता.

वरचं मी रागात लिहिलं. खोडत न्हाई, कारण खोडलं की परत काय तरी लपवल्यासारखं होईल. पण चूक कुणाची हे मला म्हायत हाय. पंपावर कोणतरी गाडीत इथेनॉलचं पेट्रोल भरंल आणि त्याला सांगतील की ह्याच्या मागं एवढाच धूर हाय, आणि तो आकडा माझ्या कंटाळ्यातनं आणि माझ्या तिडिकीतनं गेलेला असंल. त्या माणसाला मी ओळखत न्हाई. धोंडुआत्तीला ओळखते.

११. तरी माझी हात जोडून विनंती अशी :

धोंडुबाई यशवंत बंडगर यांच्या रानात पाचट जाळलं न्हाई, ते आजबी सऱ्यांत पडलेलं हाय, हात घालून बघता येतं. त्यांची नोंद दुरुस्त करावी. पण एकटीची करू नये. बाकीची एकेचाळीस आधी रद्द करावीत, आमचं धरून. त्यातली किती जळाली ते मी रानाला लांबनं बघूनबी सांगू शकते, पण माझं ऐकून लिहू नये. दुसऱ्या गावचं माणूस पाठवावं, चालत पाठवावं.

जिल्ह्याचा आकडा २८ तारखेला कायम होणार असं कळतं. त्याच्या आत हे व्हावं. न्हाई जमलं तर बोरजाईवाडी बारा गावांतनं वगळावं. अकरा खऱ्या गावांचा आकडा बारांपेक्षा बरा.

फोटोची खूण काढतानाच पडावी, आणि पाठवायच्या आधी तो रानाच्या मालकाला दाखवावा. आत्तीला वाचता येत न्हाई, पण आपलं रान ओळखता येतं. फोटो दाखवला असता तर तिनं तिथंच माझा कान धरला असता. खताच्या रकान्यात मेंढरं घालावीत.

शुक्रवारी येऊ नका असं मी म्हणत न्हाई. या. पण फलकापाशी थांबायच्या आधी वड्याच्या पल्याड राजवर्धन दादाच्या रानात चला, आणि मग आमच्या रानात चला. मी तिथं उभी असंन. आणि फलक असलेल्या रानात गेलात तर एवढंच विचारा की हितं पाचट कुणी ओढलं, त्यांचे हात दाखवा.

माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी. हे काम मला परत देऊ नये, असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर, परत मोजणी होईल तवा त्या माणसाच्या मागनं पाणी घेऊन चालायला मिळालं तर मी चालंन. बेचाळीसच्या बेचाळीस रानांत. फुकट.

मान खाली घालून, आपली,
सोनम नानासो कोळेकर
बोरजाईवाडी

सोबत :
१) नोंदणीदार ओळखपत्र, मूळ.
२) माझ्या मोबाईलमधले सगळे फोटो, काढलेल्या वेळेसकट, मेमरी कार्डमधी. कार्ड परत न्हाई दिलं तरी चालंल.
३) आमच्या जळालेल्या रानाचा आजचा फोटो. त्यात मी उभी हाय.
४) ट्रेनिंगच्या वहीचं पान, ज्यावर मॅडमचं वाक्य लिहिलं होतं.

ता. क. — पाकीट बंद करायच्या आधी हा अर्ज आज धोंडुआत्तीच्या ओट्यावर बसून तिला पहिल्यापासनं वाचून दाखवला. ती शेंगा निवडत ऐकत होती. साखरेचं आलं तिथंबी हात थांबला न्हाई. संपल्यावर म्हणाली, "सोने, मेंढरं साठ न्हवती. बावन्न व्हती. नीट लिव." तरी परिच्छेद ५ मधी साठच्या जागी बावन्न वाचावं, ही विनंती.